युडेव्ह बदलल्यावर वजनकाटा, माऊस किंवा नेटवर्क लागत नाही? क्रमाने काय तपासायचं

जळगाव आणि धुळे भागातल्या जिनिंग, आडत दुकानं आणि केळीच्या खरेदी केंद्रांवरचे जुने लिनक्स कॉम्प्युटर दुरुस्त करणं हे माझं काम. त्यात एक बिघाड वारंवार येतो. युडेव्ह म्हणजे लावलेली डिव्हाइसं सांभाळणारा प्रोग्रॅम, म्हणजेच डिव्हाइस मॅनेजर. कोणीतरी सिस्टीम हलकी करायला, किंवा सिस्टमडी (मशीनच्या सगळ्या सेवा सुरू करणारा आणि सांभाळणारा मोठा प्रोग्रॅम) नको म्हणून, युडेव्ह काढून त्या जागी ईयुडेव्ह नाहीतर बिझीबॉक्स या छोट्या साधनांच्या संचातला एमडेव्ह बसवतो. हे दोन्हीही डिव्हाइस मॅनेजरच. त्या दिवशी सगळं ठीक वाटतं. नंतर एका सकाळी फोन येतो, "भो, काटा वजन दी नही राह्यना."

कमांड आणि फाइलींची नावं इथं देवनागरीत दिली आहेत. टंकताना रोमन लहान अक्षरं वापरा. अपवाद दोन: 'टीटीवाययूएसबी' मधलं 'यूएसबी' आणि एफएसटॅबमधलं 'यूयूआयडी बरोबर', ही मोठ्या अक्षरांत.

लक्षणं

- बिलिंगचा प्रोग्रॅम काट्याचं पोर्ट उघडताना 'परमिशन डिनाइड' म्हणतो. रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याने, तोच प्रोग्रॅम चालवला की वजन येतं.
- मशीन चालू करताना काटा लावलेलाच असेल तर दिसत नाही. केबल काढून पुन्हा लावली की दिसतो.
- दोन काटे आहेत आणि वीज जाऊन आल्यावर एकाचं वजन दुसऱ्याच्या खिडकीत येतं.
- टेक्स्ट स्क्रीनवर कीबोर्ड चालत होता, ग्राफिकल स्क्रीन आली की माऊस आणि कीबोर्ड दोन्ही मेले.
- नेटवर्क केबल लावलेली आहे, दिवा लुकलुकतो, पण इंटरनेट नाही.
- स्कॅनर फक्त रूटला सापडतो.
- बूट अर्ध्यात अडतं, डिस्क सापडत नाही म्हणतं.

तिसरं लक्षण दिसलं तर आधी खरेदी थांबवा, मग पुढचं वाचा. बाकीच्या बिघाडांत काम अडतं, पण पावती चुकत नाही. या एकात एका शेतकऱ्याच्या कापसाचं वजन दुसऱ्याच्या काटापावतीवर छापलं जातं आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

आधी एवढं समजून घ्या

पुष्कळांना वाटतं की 'डेव्ह' फोल्डरमधल्या फाइली युडेव्ह तयार करतो. एके काळी करायचा. २००९ मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.३२ सोबत डेव्हटीएमपीएफएस ही सोय आली, तेव्हापासून त्या फाइली कर्नल स्वतःच तयार करतं. म्हणून मॅनेजर काढला तरी डिव्हाइसची फाइल दिसते आणि माणूस समजतो की बदल यशस्वी झाला.

मॅनेजरकडे उरलेली कामं चार: फाइलीवर योग्य ग्रुप आणि परवानगी लावणं, न बदलणारं नाव जोडून देणं, योग्य ड्रायव्हर मॉड्यूल (डिव्हाइस चालवणारा कर्नलचा भाग) चढवणं, आणि हे डिव्हाइस माऊस आहे की कीबोर्ड की मोडेम, ही माहिती इतर प्रोग्रॅमना पुरवणं. वरचं जवळपास प्रत्येक लक्षण या चारपैकी एका कामाचं आहे. कोणतं काम बंद पडलंय ते ओळखलं की दुरुस्ती बहुधा एका ओळीची असते.

१. केबल, पोर्ट आणि वीज

टर्मिनल उघडून कर्नलचे निरोप दाखवणारी 'डीमेसेज' (dmesg) कमांड 'वजा डब्ल्यू' पर्यायासह चालू ठेवा आणि कन्व्हर्टर (काट्याची सिरियल केबल यूएसबीला जोडणारा जोड) काढून परत लावा. एकही नवी ओळ आली नाही, तर बिघाड कर्नलच्याही आधीचा आहे आणि मॅनेजरचा त्याच्याशी संबंध नाही. केबल बदला, मागचं पोर्ट वापरा, मध्ये यूएसबी हब असेल तर तो काढा.

ओळ आली पण त्यात वजा ७१ किंवा वजा ११० हा एरर असेल, तर तोही सॉफ्टवेअरचा नाही. ७१ म्हणजे सिग्नल बिघडून येतोय, ११० म्हणजे उत्तरच वेळेत येत नाही. दोन्हींमागे बहुधा खराब केबल, कमजोर वीज किंवा मरायला टेकलेला कन्व्हर्टर असतो. आपल्याकडे आणखी एक कारण मिळतं: काटा एका लाइनवर, कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर, आणि दोघांचं अर्थिंग वेगळं. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की हा त्रास वाढतो. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, स्वतः उघडू नका.

ही पायरी फुकट आहे आणि मिनिटभरात होते. ती सोडून थेट मॅनेजरच्या नियमांच्या फाइलीत शिरलेले लोक मी पाहिले आहेत. दिवस जातो आणि शेवटी केबल बदलावी लागते.

२. फाइल आहे, पण परवानगी आहे का?

'एलएस वजा एल' देऊन '/डेव्ह/टीटीवाययूएसबी०' (कन्व्हर्टरच्या पोर्टची फाइल) बघा. मालक रूट, ग्रुपही रूट आणि परवानगी फक्त मालकाला, असं दिसलं तर उत्तर मिळालं. कर्नलने फाइल तयार केली आणि त्यानंतर तिला कोणी हात लावलेला नाही.

युडेव्ह आणि ईयुडेव्हच्या मूळ नियमांत सिरियल पोर्ट 'डायलआउट' ग्रुपला दिलेलं असतं. लिनक्सच्या काही वितरणांत (प्रकारांत) हा ग्रुप 'यूयूसीपी' नावाने असतो. 'आयडी' कमांडने तुमचा वापरकर्ता त्या ग्रुपमध्ये आहे का ते बघा. नसेल तर 'यूजरमॉड'ने घाला, आणि पूर्ण लॉगआउट करून परत या. नुसतं टर्मिनल बंद-चालू केल्याने नवा ग्रुप लागत नाही.

एमडेव्ह असेल तर '/ईटीसी/एमडेव्ह.कॉन्फ' उघडा. टीटीवाययूएसबीसाठी रूट, डायलआउट आणि ०६६० (मालक आणि ग्रुपलाच वाचता-लिहिता येईल अशी परवानगी) अशी ओळ हवी. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा: एमडेव्ह वरून खाली वाचतो आणि पहिली जुळणारी ओळ लावून थांबतो. वर 'टीटीवाय' ने सुरू होणारी सैल ओळ असेल, तर खालची तुमची नेमकी ओळ कधीच लागणार नाही. ती वर न्या.

सगळ्यांना वाचता-लिहिता येईल अशी ०६६६ परवानगी देऊन किंवा बिलिंगचा प्रोग्रॅमच रूट म्हणून चालवून प्रश्न मिटवू नका. काम चालतं, पण हिशोबाच्या मशीनवर रूटने चालणारा प्रोग्रॅम म्हणजे दुकानाचा सगळा डेटा उघडा.

३. दोन मॅनेजर एकाच वेळी चालू नाहीत ना?

चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणाऱ्या 'पीएस' ने बघा. युडेव्हडी (युडेव्हचा मागे चालू राहणारा भाग, म्हणजे डेमन) आणि एमडेव्ह दोन्ही दिसले तर एकाने लावलेली परवानगी दुसरा पुसतो, आणि कोण शेवटी पोचतो त्यावर त्या दिवसाचा निकाल ठरतो. "कधी चालतं, कधी नाही" हे वाक्य गिऱ्हाइकाकडून ऐकलं की मी आधी इथंच बघतो. जुन्याची सेवा बूटमधून काढून टाका. अल्पाइन या वितरणावर हे हाताने करू नका. 'सेटअप-डेव्हडी' ही कमांड त्यासाठीच आहे, ती जुन्याच्या सेवा काढून नव्याच्या लावते.

४. केबल परत लावली की चालतं, बूटला नाही

कॉम्प्युटर सुरू होताना आधीपासून लावलेली डिव्हाइसं कर्नलला दिसतात, पण त्या वेळी मॅनेजर उठलेलाच नसतो. त्याच्यासाठी ती घटना घडून गेलेली असते. म्हणून मॅनेजर उठल्यावर कोणीतरी कर्नलला "लावलेल्या सगळ्यांची नावं परत पुकार" असं सांगावं लागतं. युडेव्ह कुळात हे काम 'युडेव्हएडीएम ट्रिगर' करतं. अल्पाइनवर त्याची 'युडेव्ह-ट्रिगर' नावाची वेगळी सेवा आहे. युडेव्हची मुख्य सेवा बूटमध्ये घातली आणि ही विसरली, तर नेमकं हेच लक्षण दिसतं.

एमडेव्हमध्ये 'एमडेव्ह वजा एस' आहे, पण ते परवानग्या लावतं, ड्रायव्हर मॉड्यूल चढवत नाही. अल्पाइनची 'एचडब्ल्यूड्रायव्हर्स' सेवा ते करते. स्वतः रचलेल्या सिस्टीममध्ये ती नसते. तिथं सोपा उपाय म्हणजे हव्या त्या मॉड्यूलचं नाव '/ईटीसी/मॉड्यूल्स' मध्ये लिहून ठेवणं. सीएच३४० चिपच्या कन्व्हर्टरसाठी ते नाव 'सीएच३४१' आहे. आकडा वेगळा दिसला तरी तेच बरोबर.

५. दोन काट्यांची अदलाबदल

टीटीवाययूएसबी० आणि टीटीवाययूएसबी१ ही नावं ओळखीची नसतात, रांगेतल्या नंबरासारखी असतात. जो आधी सापडला तो शून्य. लोडशेडिंगनंतर क्रम बदलला की नावं बदलली. बिलिंगच्या प्रोग्रॅममध्ये ही नावं लिहिली असतील तर अदलाबदल आज ना उद्या होणारच.

युडेव्ह आणि ईयुडेव्ह '/डेव्ह/सिरियल' खाली 'बाय-आयडी' आणि 'बाय-पाथ' अशा दोन जागी टिकणारी नावं तयार करतात. त्यातली पहिली चांगली वाटते, पण बाजारात मिळणाऱ्या स्वस्त सीएच३४० कन्व्हर्टरमध्ये बहुधा स्वतःचा अनुक्रमांक नसतो. 'एलएसयूएसबी' या यूएसबी डिव्हाइसांच्या यादीत असे सगळे कन्व्हर्टर १ए८६:७५२३ असेच दिसतात. तसे दोन लावले तर दोघांचं 'बाय-आयडी' नाव एकच होतं आणि एकच टिकतं. तिथं पोर्टच्या जागेवरून नाव देणाऱ्या 'बाय-पाथ'चाच आधार घ्यावा लागतो.

मी असं करतो: दोन्ही कन्व्हर्टर नेहमीच्या पोर्टांत लावतो, 'युडेव्हएडीएम इन्फो'ने प्रत्येकाच्या पोर्टचा पत्ता काढतो, त्या पत्त्यावर जुळणारा नियम लिहून 'काटा-कापूस' आणि 'काटा-सरकी' अशी सिमलिंक (मूळ फाइलीकडे नेणारं दुसरं नाव) देतो, आणि बिलिंगमध्ये तीच नावं घालतो. मग कॅबिनेटवर दोन्ही पोर्टांजवळ तीच नावं पक्क्या शाईने लिहितो. नियम पोर्टाला बांधलेला आहे. झाडू मारताना कोणी केबल काढून शेजारच्या भोकात घातली तर नाव जुळणार नाही. पण तेव्हा प्रोग्रॅम 'काटा नाही' म्हणेल, चुकीचं वजन दाखवणार नाही. ते कितीतरी बरं. पैसे घालायची तयारी असेल तर अनुक्रमांक असलेले, उदाहरणार्थ एफटी२३२ चिपचे, कन्व्हर्टर घ्या. खरेदीआधी लावून अनुक्रमांक दिसतो का ते तपासा.

काम झाल्यावर मशीन पूर्ण बंद करून चालू करा आणि प्रत्येक काट्यावर वेगळं, माहीत असलेलं वजन ठेवून दोन्ही आकडे बघा. रीस्टार्टवर समाधान मानू नका; कन्व्हर्टरची वीज खरोखर जायला हवी.

एमडेव्हवर हेच करायचं तर सिसएफएस (कर्नलने डिव्हाइसची माहिती मांडलेली जागा) वाचून पोर्ट ओळखणारी स्क्रिप्ट बहुधा स्वतः लिहावी लागते, कारण युडेव्हसारखी पोर्टावरून टिकणारी नावं तो स्वतःहून देत नाही. लिहिता येते. पण ती लिहिणारा गाव सोडून पुण्याला गेला की पुढच्याला काही उमगत नाही. दोन काटे असलेल्या ठिकाणी मी एमडेव्ह ठेवत नाही.

६. पोर्ट दिसतं आणि लगेच गायब होतं

डीमेसेजमध्ये टीटीवाययूएसबी० जोडलं गेल्याची ओळ येते आणि पाठोपाठ 'डिस्कनेक्टेड'. त्याच्या आसपास 'बीआरएलटीटीवाय' हे नाव शोधा. हा दृष्टिहीनांच्या ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्रॅम. काही ब्रेल डिस्प्लेंमध्येही १ए८६:७५२३ हाच आकडा असलेली चिप असते, त्यामुळे त्याच्या युडेव्ह नियमाला तुमचा कन्व्हर्टर ब्रेल डिस्प्ले वाटतो. उबुंटू २२.०४ मध्ये हे अनेकांना भोवलं. एमडेव्हवर हा त्रास नसतो, कारण ती नियमांची फाइल तिथं कोणी वाचत नाही. एमडेव्हवरून परत युडेव्हकडे आलेल्या मशीनवर तो अचानक उगवतो.

पॅकेज लगेच काढू नका. त्या कार्यालयात कोणी ब्रेल डिस्प्ले वापरतं का ते आधी विचारा. वापरत असेल तर ती नियमांची फाइल त्याच नावाने '/ईटीसी/युडेव्ह/रूल्स.डी' मध्ये उतरवा आणि फक्त त्या चिपची ओळ बंद करा. ईटीसीमधली फाइल त्याच नावाच्या मूळ फाइलीवर भारी ठरते आणि अपडेटमध्ये पुसली जात नाही.

वजनाच्या आकड्यांत मधूनच कचरा येत असेल, तर मोडेममॅनेजर चालू आहे का बघा. नवं सिरियल पोर्ट मोडेम आहे का हे तपासायला तो त्यावर आज्ञा पाठवून बघतो. काट्याच्या मशीनवर मोडेम नसेल तर ती सेवा बंद करा.

७. स्वतः लिहिलेला नियम लागत नाही

फाइलीचं नाव '.रूल्स'ने संपतंय का? तुलनेच्या जागी दोन बरोबर-चिन्हं आहेत का? एकच असेल तर ती तुलना राहत नाही, किंमत बसवणं होतं. लॉगिन केलेल्या माणसाला डिव्हाइस वापरू देणारा 'युअॅक्सेस' टॅग वापरला असेल तर फाइलीचा क्रमांक ७३ पेक्षा लहान हवा, कारण तो टॅग वाचणारी फाइल ७३ क्रमांकाची आहे. शिवाय तो टॅग चालायला लॉगिन सांभाळणारा इलॉगिनडी किंवा सिस्टमडी-लॉगिनडी लागतो. सिस्टमडी काढला आणि इलॉगिनडी बसवला नाही, तर स्कॅनर फक्त रूटला दिसण्याचं कारण बहुधा हेच.

बदल केल्यावर 'युडेव्हएडीएम कंट्रोल'ने नियम परत वाचायला लावा, मग ट्रिगर द्या. तरी नाही लागलं तर 'युडेव्हएडीएम टेस्ट' कोणती फाइल वाचली आणि काय लावलं ते ओळीओळीने सांगतं.

८. नेटवर्क

'आयपी लिंक' देऊन कार्डाचं आजचं नाव बघा. सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, युडेव्ह 'ईएनपी३एस०' अशी जागेवरून नावं देतो. एमडेव्हवर, आणि डेव्हुआनसारख्या वितरणांत ईयुडेव्हवरही, जुनं 'ईटीएच०' परत येतं. सेटिंगच्या फाइलीत जुनं नाव राहिलेलं असतं, ते बदला.

९. ग्राफिकल स्क्रीनवर माऊस-कीबोर्ड मेलेले

इथून पुढं अवघड. माऊस-कीबोर्ड हाताळणारं लिबइनपुट 'हे माऊस, हे कीबोर्ड' ही माहिती लिबयुडेव्ह या लायब्ररीकडून घेतं. एमडेव्हकडे तशी नोंदवही नाही. डिव्हाइस जागेवर असतं, कर्नल त्याचे संकेत घेत असतं, आणि तरी ग्राफिकल स्क्रीन चालवणाऱ्या एक्स सर्व्हरला ते नसल्यासारखं असतं. एक्सने कन्सोल ताब्यात घेतल्यामुळे कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबूनही बाहेर पडता येत नाही. म्हणून मॅनेजर बदलण्याआधी एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करण्याची सोय) चालू आहे आणि फोनवरून मशीनमध्ये शिरता येतं, एवढी खात्री करूनच पुढं जा.

उपाय दोन. 'लिबयुडेव्ह-झिरो' ही बदली लायब्ररी बसवता येते. ती डेमनशिवाय सिसएफएस वाचून बरीचशी माहिती पुरवते, सगळी नाही. दुसरा उपाय ईयुडेव्हकडे जाणं. डेस्कटॉप असेल तर मी दुसराच घेतो.

मग बदलायचा का?

युडेव्ह २००३ मध्ये आला. एप्रिल २०१२ मध्ये त्याचा कोड सिस्टमडीत मिसळला. सिस्टमडी नको असलेल्यांची अडचण झाली, म्हणून त्याच वर्षाच्या शेवटी जेंटू या वितरणाच्या मंडळींनी ईयुडेव्ह हा फाटा काढला. २०२१ मध्ये जेंटूने त्यातून हात काढला आणि इतर वितरणांच्या लोकांनी तो उचलला. ते काम करणारे थोडे आहेत आणि मनापासून करतात, पण मूळ युडेव्हमध्ये येणारी प्रत्येक नवी सोय तिथं लगेच पोचेल ही अपेक्षा ठेवू नका.

सिस्टमडी नको असेल आणि नियमांच्या फाइली तशाच वापरायच्या असतील, तर ईयुडेव्ह योग्य. एकच काटा, एकच प्रिंटर, ग्राफिकल स्क्रीन नाही, वर्षानुवर्षं तेच काम, अशा मशीनवर एमडेव्ह उत्तम चालतो. सगळी रचना एका छोट्या फाइलीत मावते आणि ती वाचून समजते, याचं मोल मोठं आहे. पण फक्त मेमरी वाचवायला बदलत असाल तर करू नका. युडेव्हचा डेमन काही एमबी घेतो. ब्राउझरची एक टॅब त्याहून कितीतरी जास्त खाते.

आणि कापसाची आवक सुरू असताना तर मुळीच नको. दसरा-दिवाळीनंतर काटा एक तास बंद राहिला तरी बाहेर गाड्यांची रांग लागते.

इथं थांबा, जाणकाराला बोलवा

बूट अर्ध्यात अडत असेल, तर दोनच गोष्टी स्वतः करून बघा. लाइव्ह यूएसबीवरून सुरू करून 'एफएसटॅब' (बूटला कोणती डिस्क कुठं जोडायची याची यादी) उघडा. 'यूयूआयडी बरोबर' (यूयूआयडी म्हणजे डिस्कची कायमची ओळख) अशा ओळी कोणत्याही मॅनेजरवर चालतात, पण 'डिस्क/बाय-यूयूआयडी' असा पूर्ण मार्ग लिहिलेली ओळ एमडेव्हवर चालेलच असं नाही. दुसरी गोष्ट, इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी सिस्टीम) नव्याने तयार केलं होतं का? त्याच्या आत जुना मॅनेजर असतो, आणि पॅकेज बदललं की ते परत बांधावं लागतं.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल किंवा एलव्हीएम (डिस्कची जागा लवचिकपणे विभागण्याची पद्धत) असेल, तर या दोनच्या पुढं जाऊ नका. एलव्हीएमची साधनं युडेव्हच्या निरोपाची वाट बघत अडकू शकतात, आणि ते सोडवण्याच्या नादात चुकीची कमांड गेली तर वर्षाचा हिशोब जाईल. डीमेसेजमध्ये डिस्कचे 'आय/ओ एरर' दिसले तर मशीन लगेच बंद करा. आधी डेटा वाचवायचा असतो, मॅनेजर नंतर.

काट्याच्या इंडिकेटरचं सील कुठल्याही परिस्थितीत तोडू नका. वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ नुसार काट्याची दुरुस्ती परवानाधारकानेच करायची असते आणि त्यानंतर पडताळणी करून नवा शिक्का घ्यावा लागतो. इंडिकेटरच्या स्क्रीनवरच आकडा चुकीचा असेल, तर कॉम्प्युटरकडे बघायचीही गरज नाही.

ज्याला बोलवाल त्याला हे तयार ठेवून द्या: कोणतं वितरण आणि कितवी आवृत्ती, आधी कोणता मॅनेजर होता आणि आता कोणता, केबल लावतानाच्या डीमेसेजच्या ओळींचा फोटो, एलएसयूएसबीतले आकडे, आणि वरच्यापैकी कोणत्या पायरीपर्यंत तुम्ही पोचलात.